जागा होती तशी

आमच्या शाळेच्या कचेरीत, मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर एक हिरवे निशाण टांगलेले आहे. कडेला पिवळी झालर, मध्ये एकमेकींना टेकून उभ्या केलेल्या तीन काठ्यांचे चित्र. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतल्या स्काउट पथकांत ज्यांचा तळ सर्वांत चांगला ठरेल त्यांना ते मिळायचे होते, आणि ते आम्हाला मिळाले. शाळेत नवा शिक्षक आला की त्याला ते दाखवतात आणि माझ्याकडे बोट करून सांगतात की हे यांनी आणले. मी खिडकीबाहेर बघतो. लोक त्याला माझा विनय समजतात.

विनय वगैरे काही नाही. त्या निशाणापायी मी एका अधू बाईचा पूल उचकटून नेला, आणि ज्या मुलांना खरे बोलण्याची शपथ मीच दिली होती त्यांना माझ्या खोट्याच्या मागे रांगेत उभे केले. हे यंदापर्यंत मी कोणाला सांगितले नाही. घरातसुद्धा नाही. मी मुळात कमी बोलणारा माणूस; त्यामुळे न सांगणे मला जड गेले नाही, आणि तेच वाईट झाले. आता सांगतो. रडगाणे म्हणून नव्हे. जे काम मला चांगले येते त्याच कामात मी कुठे घसरलो ते सांगायचे आहे, आणि काम चांगले येते हेही तितक्याच सरळपणे सांगायचे आहे.

पथक मी सुरू केले तेव्हा युरोपातली मोठी लढाई संपून थोडीच वर्षे झाली होती. मी पंचविशीतला मास्तर. शिक्षकांच्या शिबिराहून एक शिट्टी, दोरांची वेटोळी आणि डोक्यात भलताच उत्साह घेऊन परतलो होतो. गावात अफवा उठली की सरकार पुढच्या लढाईसाठी पोरे मोजून ठेवते आहे. दुसरीकडे काही जाणते लोक म्हणू लागले की मास्तर साहेबाचे खेळ शिकवून पोरांना बाटवतो. मी घरोघर गेलो. ओसरीवर बसून एकेका बापाला गाठी मारून दाखवल्या, भाजल्यावर काय करावे, बुडालेल्याच्या पोटातले पाणी कसे काढावे ते सांगितले. बापांना बाकी काही पटले नाही, बुडालेल्याचे पटले. आमच्याकडे नदी आहे.

बाजारातला भाताचा व्यापारी मला येता-जाता अडवी. एकदा चार लोकांत म्हणाला, "मास्तर, पोरांच्या चड्ड्या गुडघ्यावर थांबल्या. उरलेलं कापड कुठं गेलं?"

"तुमच्या धाकट्याच्या गळ्यात," मी म्हटले. "गळपट्टा केला त्याचा."

धाकटा खरोखरच आदल्या दिवशी पथकात आला होता. बापाला त्याचा पत्ता नव्हता. त्यानंतर व्यापाऱ्याने चड्ड्यांचा विषय काढला नाही.

स्काउटने रोज एक तरी चांगले काम करायचे असते. आठवण राहावी म्हणून मुले सकाळी गळपट्ट्याच्या टोकाला गाठ मारीत आणि काम झाले की सोडीत. गाव केवढे, आणि गाठी किती! संध्याकाळ झाली की गाठ न सुटलेली मुले नदीच्या वाटेवर दबा धरून बसत. पाणी भरायला येणारी एक म्हातारी त्यांच्या तावडीत वारंवार सापडे. शेवटी ती माझ्या दारात आली. म्हणाली, "मास्तर, एका घागरीला पाच पोरं लागत्यात व्हय रं? घर येईस्तवर घागर निम्मी आन् वाटेचा चिखूल." मी मुलांना सांगितले की ज्याला मदत करायची त्याला आधी विचारावे. साधी गोष्ट. ती मी मुलांना शिकवली, स्वतः शिकलो नाही. ते पुढे येईलच.

तळावरच्या जेवणाचा प्रश्न त्याहून अवघड होता. आमच्यात भटजींचा मुलगा होता, कुणब्यांचे होते, एक दोन सोनारांचे, एक न्हाव्याचा. मी नियम केला की ज्या टोळीची पाळी तिने रांधायचे आणि सर्वांनी एका पंगतीत जेवायचे. तीन मुले सोडून गेली. त्यांतली दोन महिन्याभरात परत आली. आमचे पिठले चांगले होत असे. पटकीच्या साथीत आम्ही विहिरींवर उभे राहून पाणी उकळून प्या म्हणून सांगत असू. जत्रेत हरवलेली मुले खांद्यावर घेऊन आयांना शोधत फिरत असू. हे सगळे झाले आणि मग गावाने आम्हाला आपले म्हटले. त्या वर्षांत मी जे केले त्यातल्या बहुतेकाची मला आजही लाज वाटत नाही.

वाघ टोळीचा नायक कळंबकडच्या एका शेतकऱ्याचा मुलगा होता. कर्जतला मामाकडे राहून शिकत होता. अभ्यासात बेताचा, पण दोर त्याच्या हातात आला की शहाणा होई. बोलायचा कमी. आमच्या दोघांचे त्यामुळे जमले. मी नुसते बघितले तरी त्याला कळे की बांधणी सैल आहे. पथक मी चालवीत होतो असे लोक म्हणत. खरे म्हणजे मी सांगे आणि तो चालवी. शपथ देताना पहिला नियम मी त्याच्याकडून म्हणवून घेतला होता, की स्काउटच्या शब्दावर विश्वास ठेवता येतो. त्याने तो वाक्य म्हणून घेतला नाही, हिशेबात धरला.

त्या वर्षी जिल्ह्याहून कळले की दिवाळीच्या सुटीत प्रत्येक पथकाने आपापल्या तालुक्यात तळ टाकावा, तपासनीस येऊन बघतील, आणि खालापूरच्या मेळाव्यात उत्तम तळाला निशाण मिळेल. खालापूरच्या पथकाने उंच मनोरा उभारायचे ठरवले आहे असे कानावर आले. मी म्हटले, आपण पूल बांधू.

आमच्या तालुक्यातल्या कोंडाणे गावाच्या अलीकडे डोंगरातून एक ओढा येतो. दिवाळीत त्याला मांडीभर पाणी असते आणि तळाला शेवाळलेले गोटे. पलीकडच्या उतारावर ठाकरांची वाडी. ओढ्याच्या अलीकडे मोकळे गवत होते, तिथे आम्ही तंबू ठोकले. पूल खरोखर सुरेख झाला. पात्रात कळकांच्या, म्हणजे जाड बांबूंच्या, दोन घोड्या आधाराला रोवल्या, त्यांवर लांब कळक टाकले, कळकांवर कारवीची चटई अंथरली आणि हाताला धरायला दोन्ही बाजूंनी दोर ताणले. खिळा एकही नाही. सगळी बांधणी दोराची, आणि प्रत्येक दोराचे टोक शेवटी दोनदा आत खोवलेले. ही दोनदा खोवायची सवय माझी; कोणत्या पुस्तकात नाही. मुलांनी माझी बघून उचलली होती.

पूल आम्ही तपासनिसांसाठी बांधला, पण त्यावरून पहिली गेली ती वाडीतली एक बाई. लहानपणी झाडावरून पडून तिचा उजवा पाय आखडला होता. पळसाची पाने तोडून त्यांच्या जुड्या बांधायच्या आणि पत्रावळींसाठी कर्जतच्या बाजारात न्यायच्या, हा तिचा धंदा. वाडीतल्या धडधाकट माणसांना पूल नकोच होता. त्यांना ओढ्यातला गोटा न् गोटा पायाखालचा. हिला मात्र डोक्यावर भारा घेऊन ते गोटे जमत नसत. उन्हाळ्यात पात्र कोरडे पडेपर्यंत ती आपली पाने जावेच्या हाती बाजारात पाठवी, आणि जाऊ जे देईल ते आणि जसे देईल तसे घेई. वर्षातले निम्मे दिवस जावेच्या तोंडाकडे बघायचे. हे सगळे तिने आम्हाला काही सांगितले नव्हते. माझ्या टोळीनायकाने पाणी भरता भरता वाडीतून ऐकले होते.

ती आली ती भारा घेऊनच. पुलाच्या तोंडाशी थांबली, दोर हाताने ओढून बघितला आणि एकेक पाऊल टाकीत अलीकडे आली. भारा खाली ठेवून बसली. मग रोज येऊ लागली. पलीकडून येताना दिसली की मुले आपणहून पूल मोकळा करीत. तपासणीच्या आदल्या दिवशी परत जाताना तिने टोळीनायकाला विचारले, "ह्यो ऱ्हानार का रं हितं?"

त्याने माझ्याकडे बघितले. मी चुलीपाशी होतो. मी मान हलवली. ही गोष्ट मी नंतर स्वतःशी अनेकदा धूसर करून पाहिली, की ती मान भाताकडे बघून हलली असेल, वगैरे. नाही. मी होय म्हणूनच हलवली.

"राहील," तो तिला म्हणाला. "स्काउटचा शब्द."

"स्काउट म्हंजी कोन?"

"मी."

"तू व्हय. मंग ठीक हाय," असे म्हणून ती गेली.

दुसऱ्या दिवशी तपासनीस आले. पेन्शन घेतलेले गृहस्थ, पांढऱ्या मिशा, बोलणे मोजके. त्यांनी तंबूच्या खुंट्या हलवून बघितल्या, चुलीत काठी घालून राख बघितली, पुलाच्या मध्यावर जाऊन चक्क दोनदा उडी मारली. परत येऊन म्हणाले, "छान." टांग्यात चढताना एवढेच म्हणाले की तळ उठवताना जागा होती तशी झाली पाहिजे, मी माणूस पाठवून बघणार आहे.

पुलाचे काय करायचे हे ते बोलले नाहीत आणि मी विचारले नाही. मी का विचारले नाही? टांगा उभा होता, ते समोर होते, एक वाक्य पुरले असते. पण मला वाटले, विचारले म्हणजे ह्याला नियम माहीत नाही असे होईल. नियम मला पाठ होता. तळाची जागा सोडताना तिथे स्काउट येऊन गेले हे कळता कामा नये: खड्डे बुजवा, राख पुरा, उचकटलेले गवत परत लावा. पूल हा तळाचाच भाग, मी स्वतःशी म्हटले. खालापूरचे पथक मनोरा उतरवणारच. आपला पूल राहिला आणि त्यावर गुण गेले तर? संध्याकाळभर मी ह्यावर विचार केला असे म्हणायला मला आवडेल. खरे असे की निशाणाचा हिरवा रंग डोळ्यांपुढे होता आणि विचार आधीच झालेला होता.

सकाळी तंबू उतरल्यावर मी शिट्टी दिली आणि पूल सोडण्याचा हुकूम दिला. मुलांना ते काम आवडायचे. बांधायला जेवढी अक्कल लागते तेवढीच सोडायला लागते, आणि पाण्यात उतरायला मिळते. सगळी टोळी घोड्यांना भिडली. नायक काठावर उभा राहिला.

"गुरुजी," तो जवळ येऊन हळू म्हणाला, "बाईला मी शब्द दिलाय."

मी त्याला काय म्हटले ते मला अक्षर न् अक्षर आठवते. "शब्द माझ्या परवानगीने दिलास का?" असे मी म्हटले.

त्याने माझ्याकडे एकदा बघितले. मी मान हलवली होती हे त्याला माहीत होते, मलाही माहीत होते. मग त्याने काठी खाली ठेवली, पाण्यात उतरला आणि सर्वांत अवघड बांधणी, मधल्या घोडीची, स्वतः सोडली. एकही दोर कापला नाही. सगळे गुंडाळून, पिळून, माझ्यासमोर रचून ठेवले. घोड्यांचे खड्डे बुजले, काठावर गवताची ढेपळे बसवून वर पाणी शिंपडले. काम इतके बेमालूम झाले की पाच मिनिटांनी मलाच पूल कुठे होता ते नेमके दाखवता आले नसते. आणि मला त्याचा अभिमान वाटला. लपवत नाही.

आम्ही निघणार तोच ती पलीकडे आली. डोक्यावर पानांचा भारा. नेहमीच्या जागी येऊन थांबली, थोडी वर गेली, थोडी खाली आली, जणू वाट आपणच चुकलो. नायक पाण्यातून पलीकडे गेला. तिचा भारा त्याने आपल्या डोक्यावर घेतला, आपली काठी तिच्या हातात दिली आणि दुसऱ्या हाताने तिला धरून गोट्यांवरून अलीकडे आणले. लुगडे मांडीपर्यंत भिजले. अलीकडे आल्यावर तिने पायाने ते नवे गवत चाचपून पाहिले. मग मला नाही, त्याला विचारले:

"काढलात? आमचं कुनी काय बोललं का रं तुमाला?"

मी पाठ फिरवून सामान मोजू लागलो. मागून त्याचा आवाज आला. "नाही बाई. कोणी काही नाही बोललं. पूल कच्चा होता. कोणी पडलं असतं."

म्हणजे पहिले खोटे तो बोलला. माझ्यासाठी.

परतताना रस्त्यात पावसाची एक सर आली. दिवाळीतला चुकार पाऊस, धूळ बसण्यापुरता. त्या सरीचे पुढे मी काय केले ते ऐका.

मेळाव्याला आम्ही गाडीने खोपोलीपर्यंत आणि तिथून पायी गेलो. खालापूरच्या मैदानात दोन्ही तालुक्यांची पथके, मामलेदार, गावकरी, वाजंत्री. आमचे नाव पुकारले गेले. मी पुढे झालो, माझ्यामागे नायक, त्याच्यामागे सगळी मुले सावधान स्थितीत. तपासनिसांनी निशाण हातात घेतले आणि देता देता सहज विचारले, "तळ स्वच्छच होता. पण पूल दिसला नाही म्हणून माझा माणूस सांगत होता. वाडीसाठी ठेवाल असं मला वाटलं होतं."

आजही मला त्या क्षणी दुसरे वाक्य सुचू शकले असते असे वाटते. साहेब, चूक झाली. तीन शब्द. त्याऐवजी मी म्हणालो, "पावसाने नेला, साहेब. ओढ्याला एकाएकी पाणी आलं."

"अरेरे," ते म्हणाले. "फार चांगला होता." आणि निशाण माझ्या हातात दिले. टाळ्या पडल्या. मी मागे वळून ते नायकाच्या हातात दिले, कारण निशाण नायकाने धरायचे असते. त्याने धरले. एकाही मुलाची मान हलली नाही. सावधान म्हणजे सावधान, मीच शिकवले होते.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या घरी आला. गळपट्टा धुऊन, घडी घालून आणला होता. बस म्हटले तर बसला नाही.

"बाईला मी खोटं सांगितलं, गुरुजी," तो म्हणाला. "वाटलं, एवढंच आहे, निभेल. आता तुमचं झालं. आता तुम्ही सांगाल तेव्हा आम्हाला सगळ्यांनाच मान हलवावी लागेल."

मी त्याला म्हटले की तू लहान आहेस, काही गोष्टी पथकाच्या भल्यासाठी कराव्या लागतात. तो म्हणाला, "असतील." घडी पाटावर ठेवली, नमस्कार केला आणि गेला. मुख्याध्यापकांना मी सांगितले की अभ्यासासाठी त्याने पथक सोडले.

तो म्हणाला तसेच झाले. पुढे दरवर्षी नव्या मुलांना मी त्या पुलाची गोष्ट सांगत गेलो. सांगावीच लागे, निशाण भिंतीवर होते. आणि माझ्यासारखा घुमा माणूस त्या गोष्टीत मात्र रंगू लागला. पहिल्या वर्षी ओढ्याला कमरेइतके पाणी आले. पुढच्या वर्षी ते काठ सोडून गेले. मग त्यातून झाडे वाहून येऊ लागली, आणि कधीतरी एक म्हैसही आली, जी आम्ही दोर टाकून वाचवली. जुनी मुले ऐकायला असली की बुटांकडे बघत. कोणी एकदाही म्हटले नाही की गुरुजी, असे नव्हते. त्यांची निष्ठा खरी होती. मी ती एका म्हशीवर खर्च केली.

त्या मेळाव्याच्या पुढच्याच दिवाळीत मी नव्या तळासाठी जागा बघायला म्हणून त्या बाजूला एकटा गेलो होतो. लांबूनच दिसले की ओढ्यावर पूल आहे. त्याच जागी, तशाच दोन घोड्या. वाडीतले दोघेतिघे कळक धरून पाण्यात उभे होते आणि मधल्या घोडीवर माझा नायक, अंगात फाटका सदरा, बांधणी आवळत होता. शेवटचे टोक त्याने दोनदा आत खोवले. मी जांभळीच्या झाडाआड उभा होतो. दहा पावले पुढे गेलो असतो तर सगळे मिटले असते, किंवा निदान सुरू झाले असते. मी परत फिरलो. खालापुरात खोटे बोललो ते एका क्षणात झाले. इथून परत फिरलो ते चालत चालत, विचार करीत, आणि म्हणून ते मला जास्त मोठे वाटते.

पावसाळ्यात तो पूल वाहून जाई, खरोखर वाहून जाई, आणि पाऊस सरला की तो येऊन पुन्हा बांधी. शाळा सुटली, रेल्वेत लागला, लग्न झाले, तरी बांधी. फलाटावर कधी भेटलाच तर हात जोडी, मुलाबाळांची चौकशी होई. पुलाचे नाव त्याने काढले नाही, मीही नाही. पथकाचे दोर, जे परत नेण्याची मला एवढी घाई होती, शाळेत खुंटीवर कुजून गेले.

यंदा नवरात्राच्या सुमारास मी वर्गात असताना खिडकीत कोणीतरी उभे राहिले आणि आवाज आला, "पूलवाला मास्तर हाय का रं हितं?"

पोरे हसली. वाडीत मला हे नाव आहे हे मी बाजारात ऐकून होतो; त्यात टोमणा किती आणि खूण किती हे विचारायची मला छाती झाली नव्हती. मी बाहेर गेलो. तीच बाई. केस पांढरे झालेले, पाय तसाच. ठाकरांच्या तोंडी लहानथोर सगळ्यांना तू.

"तुझा त्यो पोरगा औंदा नाय," ती म्हणाली. "घाटावर बदली झाली त्याची. आमचे गडी कोळशाच्या भट्टीवर गेल्यात. त्यो सांगून गेलाय, मास्तराला बोलव."

"मी येईन म्हणाला?"

"येतील म्हनला."

"आणि नाही आलो तर?"

"त्ये बी सांगितलंय. तर मंग तू दगडावरनं जा, म्हनला मला."

त्या शनिवारी पथक अंगणात जमले तेव्हा मी मुलांना खाली बसवले आणि पुलाची गोष्ट सुरू केली. त्यांना ती पाठ होती. पुढची मुले हसऱ्या तोंडाने वाट बघत होती. मी सरळ सांगितली. तपासनीस, मान हलवणे, शब्द माझ्या परवानगीने दिलास का, खालापूर. मागून एकाने विचारले, "मग झाडं वाहून आली ती?"

"झाडं नव्हती."

"आणि म्हैस, गुरुजी?"

"म्हैसही नव्हती."

म्हशीचे त्यांना सर्वांत वाईट वाटले हे स्पष्ट दिसत होते. मग टोळीनायकांतला थोरला उठून म्हणाला की दोर कुठले घ्यायचे, खुंटीवरचे तर कुजलेत. मी म्हटले, नवे आणू. एवढेच. मला वाटले होते त्याहून हे सोपे होते, आणि हे कळल्यावर मागच्या सगळ्या वर्षांचा राग आला.

दिवाळीच्या सुटीत आम्ही गेलो. चाळिशी उलटली तरी हाताला सवय होती. मधली घोडी मी स्वतः पाण्यात उभा राहून बांधली, आणि चांगली बांधली. माझ्यापेक्षा चांगली बांधणी या दोन तालुक्यांत एकच माणूस करतो आणि तो घाटावर आहे. दुपार कलल्यावर ती पलीकडून आली. दोर ओढून बघितला, पाऊल टाकले, मध्यावर थांबून खाली बघितले आणि अलीकडे येऊन भारा टेकवला.

"पक्का हाय," ती म्हणाली.

"तेव्हाचाही पक्का होता," मी म्हटले. "कच्चा म्हणून नव्हता काढला. मला बक्षीस हवं होतं, म्हणून काढला."

"ठावं हाय. त्या पोरानं दुसऱ्या वर्सालाच सांगितलं मला."

"मग मला कधी बोलली नाहीस."

"तू हिकडं आलास कवा?" ती म्हणाली.

मुले सामान आवरत होती. मी सवयीने शिट्टी दिली आणि एक लहानगा, त्याच सवयीने, पुलाच्या तोंडाशी वाकून दोराचे लोंबणारे टोक बघू लागला. तो खोवतच होता, सोडत नव्हता. पण ती उठली, लंगडत पुलाच्या अलीकडच्या टोकाशी गेली आणि आखडलेला पाय लांब करून तिथे बसली. लहानगा बाजूला झाला.

मी म्हटले, "बाजाराला उशीर होईल. ऊन उतरलं."

"व्हऊ दे. तुमी व्हा म्होरं."

आम्ही काठ्या खांद्यावर घेऊन निघालो. वाटेच्या वळणावर मी मागे बघितले. भारा शेजारी तसाच होता आणि ती बसलेलीच होती, पुलाकडे पाठ करून, आमच्याकडे तोंड करून. मी मुलांना जरा लवकर चला म्हटले, म्हणजे तिला उठता येईल.